अकोळवाडी यादीत काहून न्हाई?

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पंखा हवा तर माझ्याकडचा तुमच्याकडे फिरवा. फक्त एक करा. मी बोलत असताना मधेच 'जाऊ दे गं, होतं असं' म्हणू नका. कारण असं होत नसतं! असं कोणाच्याच हातून होत नाही. ते माझ्या हातून झालं, आणि आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

राग कोणावर आहे म्हणता? त्या आठवड्यात विचारलं असतंत तर मी बोटावर मोजून नावं सांगितली असती. टायपिस्ट, ड्रायव्हर, मॅनेजर, वीज, मार्च महिना. आज विचाराल तर एकच नाव आहे. पण ते सांगायला मला जरा वेळ द्या. लाज वाटते हो.

मी प्रोग्रामर, जावा नावाच्या संगणकी भाषेतली. पुण्यात चार वर्षं काढली आणि मग गावी, वसमतला परत आले. इथं शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक छोटी कंपनी आहे, हळदीची. तिथं मला काम मिळालं. काम काय, तर हळद शिजवायच्या बॉयलरची नोंदणी ऑनलाइन करायची. आता हळद जमिनीतून काढली की ती चार-सहा दिवसांत शिजवावीच लागते. नाहीतर रंग जातो, ढिगात कुजायला लागते. कंपनीकडे ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरणारे तीन बॉयलर. आणि सगळ्यांनाच ते आधी पाहिजेत! दरवर्षी भांडणं. म्हणून मॅनेजर जाधव साहेबांनी ठरवलं, की आता वशिला बंद, नोंदणी करा, नंबर घ्या.

फॉर्म साधा होता. शेतकऱ्याचं नाव, तालुका, गाव, तारीख. गावाचं नाव लोक दहा तऱ्हेनं लिहितात, म्हणून मी तिथं ड्रॉपडाउन ठेवलं. म्हणजे चौकोनावर टिचकी मारली की खाली गावांची यादी लोंबकळते, त्यातलं आपलं गाव निवडायचं. तालुके पाचच, ते मी हातानंच फॉर्ममध्ये लिहून टाकले. गावं मात्र शेकड्यानं. ती डेटाबेसमधून आणायची. वसमत निवडलं की वसमतची गावं, सेनगाव निवडलं की सेनगावची. कॉलेजातलं पोरगंही करतं हे काम. मी तर चार वर्षं पुण्यात काढलेली!

आणि ती गावं डेटाबेसमध्ये टाइप केली होती हमीदचाचांनी.

हमीदचाचा म्हणजे साठीचा माणूस. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं. आयुष्यभर तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसले. अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. टाइपरायटर बंद पडले तेव्हा चाचा गपचूप मराठी कीबोर्ड शिकले आणि कंपनीत आले. गावांची छापील यादी समोर ठेवायची, तिच्यावर लाकडी पट्टी, एक नाव टाइप झालं की पट्टी एक ओळ खाली. मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, आता ही पट्टी केव्हा खाली पोचणार आणि माझा फॉर्म केव्हा चालू होणार!

पण चाचांनी वेळेत संपवलं. मी तपासलं. कसं तपासलं सांगू? वसमत निवडलं, यादी उघडली, हट्टा शोधलं. हट्टा माझं आजोळ. सापडलं. झालं! 'चाचा, मस्त,' म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

सोमवारी नोंदणी सुरू झाली. दारात ही गर्दी! आणि गर्दीत सगळ्यात पुढं कौसाबाई.

कौसाबाई अकोळवाडीच्या. पन्नाशीच्या, स्वतः शेती करणाऱ्या, दीड एकर हळद. पहाटेच्या जीपनं येऊन नंबर धरलेला. खुर्चीवर बसल्या त्या अशा, की जणू खुर्ची त्यांनीच दिली कंपनीला.

"नाव?"

"कौसाबाई."

"तालुका वसमत. गाव?"

"अकोळवाडी."

मी यादी उघडली. अकोळवाडी नाही. खाली गेले, वर आले. नाही!

"मावशी, तुमचं गाव यादीत नाही."

कौसाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खुर्चीत सरळ झाले.

"गाव न्हाई? मग मी कुठून येऊन राहिले सकाळपासून? आभाळातून पडले व्हय?"

मागं हशा! आणि मला संताप. माझ्या पहिल्या फॉर्मवर, पहिल्या दिवशी, पहिलीच बाई, आणि लोक हसतात? मी खुर्चीतूनच ओरडले, "चाचा! अकोळवाडी का टाकली नाही?"

चाचा शेजारच्या टेबलावरून उठून आले. "टाकली ना, मॅडम. पयलंच नाव हाय ते वसमतचं. त्याच्यानंच सुरुवात केली म्या."

"मग दिसत का नाही?"

"आता ते मला काय ठाव? तुमचं मशीन."

तुमचं मशीन! हे शब्द मला असे झोंबले की काय सांगू. म्हणजे माझी चूक? चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस मला सांगणार?

अहो, तेव्हा मी डेटाबेस उघडून नुसती एक नजर टाकली असती ना, तरी पुढचं रामायण टळलं असतं. एक मिनिटाचं काम. पण रागावलेला माणूस तपासत नाही, तो हुकूम सोडतो. मी म्हटलं, "चाचा, वाद नको. आत्ताच्या आत्ता पुन्हा टाका."

चाचा कीबोर्डपुढं बसले. अ, को, ळ, वा, डी. सेव्ह केलं. मी यादी पुन्हा उघडली.

आणि आली की अकोळवाडी! पहिल्या नंबरावर, ठसठशीत.

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. "आता कशी आली? टाकली नव्हती म्हणूनच ना!"

चाचा पडद्याकडं बघत राहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "म्या टाकली होती," एवढंच म्हणाले.

"चाचा, पुरावा समोर आहे."

कौसाबाईंना गुरुवारची तारीख मिळाली. गुरुवार बॉयलरचा पहिलाच दिवस, आणि त्यात त्यांचा पहिलाच नंबर. जाताना त्या मला म्हणाल्या, "पोरी, म्हाताऱ्या माणसावर इतकं वरडू नये." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंगळवारी सकाळी आमच्या सेनगावकडच्या गोरेगावच्या नोंदणी केंद्रावरून फोन. सेनगाव तालुक्यातलं एक गाव यादीत नाही, माणूस समोर बसून शिव्या देतोय. कोणतं गाव? आडोळ. मी तिथूनच, "चाचा!"

"आडोळ टाकलंय, मॅडम. सेनगावचं पयलं..."

"पुन्हा टाका!"

पुन्हा टाकलं. पुन्हा आलं. मी नुसतं 'हं' केलं. पण असं हं, की सगळ्या ऑफिसनं वळून पाहिलं.

दुपारी कळमनुरीचं एक गाव. मग हिंगोलीचं. बुधवारी सकाळी औंढ्याचं. प्रत्येक वेळी तेच! चाचा म्हणतात टाकलंय, मी म्हणते टाका, ते टाकतात, आणि गाव लगेच हजर! मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? पाच वेळा औषध दिलं आणि पाचही वेळा पेशंट उठून बसला, तर डॉक्टर औषधावर शंका घेईल का?

औंढ्याच्या वेळी माझा ताबा सुटला. म्हणाले, "चाचा, तुमची ती पट्टी जरा सरळ धरा! पाच तालुके, पाच चुका. डोळ्यांनी दिसत नसेल तर तसं सांगा."

चाचांचा चेहरा लाल झाला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. "मॅडम, म्या लोकांच्या जमिनीचे कागद टाइप केले. एक अक्षर चुकलं तर माणूस कोर्टात उभा राहतो. कुणी येऊन म्हटलं न्हाई की हमीदनं चूक केली. तुमी पैल्या."

"कारण तेव्हा तपासायला कोणी नव्हतं!"

हो, हे मी म्हणाले. याच तोंडानं. आता हसू नका.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. मी तरातरा जाधव साहेबांकडं गेले आणि लेखी दिलं. 'टायपिस्टच्या वारंवार होणाऱ्या चुकांमुळे प्रणालीची बदनामी होत आहे. त्यांना या कामावरून हटवावे.' प्रणालीची बदनामी! काय शब्द सुचतात बघा माणसाला रागात.

जाधव साहेब भला माणूस, पण गर्दीनं बेजार झालेला. त्यांनी कागद वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मॅडम, माणूस जुना आहे हो."

"साहेब, एक तर ते, नाहीतर मी."

बुधवारी दुपारी हमीदचाचांना गेटवर बसवलं. काम काय? सोमवारपासून नंबराच्या ज्या चिठ्ठ्या दिल्या त्यांच्या प्रतींवरून नावं वहीत उतरवायची, आणि सकाळी ट्रॅक्टर निघाला की ड्रायव्हरच्या हातातली छापील यादी पाहून त्याला सोडायचं. पत्र्याच्या शेडमध्ये, मार्चच्या उन्हात. जाताना त्यांनी कीबोर्ड फडक्यानं पुसला, त्याच्यावर कापड घातलं आणि लाकडी पट्टी काखेत मारून निघाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मला वाईट वाटलं का? खरं सांगू? त्या दिवशी नाही वाटलं. मला वाटलं, चला, आता काम नीट चालेल. नवीन गाव काही गायब व्हायचं राहिलंच नव्हतं ना! पाचही तालुक्यांची पाच गावं परत आलेली. यादी पूर्ण. मी घरी जाऊन आईला म्हणाले, "एका माणसानं वैताग आणला होता. काढला त्याला." आई म्हणाली, "कोण?" मी म्हणाले, "हमीदचाचा." आईनं भाकरी परतायची थांबवली. "आपल्या घराचा कागद त्यांनीच टाइप केलेला," म्हणाली, आणि पुढं माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही. मला तिचाही राग आला. घरातच वशिला!

गुरुवारी बॉयलर निघाले.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास गेटवर आरडाओरडा. मी खिडकीतून पाहिलं, तर कौसाबाई! पदर खोचलेला, हातात नंबराची चिठ्ठी, चेहरा असा की ऊन परवडलं. गेटवर चाचांनी त्यांना 'बसा, पाणी घ्या' म्हटलेलं दिसलं, पण बाई थांबते कुठं? सरळ आत, माझ्या टेबलासमोर.

"काहून गं? माझा नंबर पयला ना? का न्हाई आला बॉयलर?"

"आला नाही? काल तुमच्याकडंच जायचा होता."

"शेजारच्या गावात आला! दिवसभर तिथं धूर निघून राहिला. मी रस्त्यावर उभी राहून हात करून राहिले, तो ट्रॅक्टरवाला म्हणतो, बाई, तुमचं नाव यादीत न्हाई! सोमवारी गाव नव्हतं, आता मीबी न्हाई? मी जित्ती हाय का मेली, ते तरी बघून सांग तुझ्या त्या डब्यात!"

मी म्हटलं, ड्रायव्हर! हा ड्रायव्हरचा गाढवपणा! फोन लावला आणि त्याला झाडायला सुरुवात केली. तो बिचारा म्हणतो, मॅडम, तुम्हीच छापून दिलेली यादी माझ्या हातात आहे, पहिलं नाव दुसऱ्याच माणसाचं आहे. मी म्हटलं, खोटं बोलू नका. तो म्हणाला, फोटो पाठवतो. पाठवला. यादी माझीच. कौसाबाई नव्हत्या.

"हळद काढून पाच दिवस झाले," कौसाबाई म्हणाल्या. आता आवाज उतरला होता, आणि तो उतरलेला आवाज जास्त वाईट होता. "पोत्याखाली झाकून ठेवली. वाफ धरायला लागली. मजुरांना सांगून ठेवलं होतं, ते बसून राहिले दिवसभर. वरसाचं पीक हाय ते माझं, पोरी."

मला काही सुचेना. आणि सुचेना म्हटल्यावर माणूस काय करतो? सवयीनं ओरडतो. मी ओरडणार तेवढ्यात कौसाबाईंनीच विचारलं, "आता कुणाला झोडपतीस? चाचा तर गेटवर बसून राहिले."

मी खिडकीतून गेटकडं पाहिलं.

खरंच की. चाचा बुधवारपासून गेटवर. मग चूक कोण करतंय?

एवढ्यात दारातून हमीदचाचा आत आले. एका हातात वही, दुसऱ्या हातात पट्टी. पायताण दाराशी काढलं, जसं ते रोज काढायचे. माझ्यासमोर वही उघडून ठेवली. त्यांचं अक्षर म्हणजे छापलेलं वाटावं.

"मॅडम, रागावू नका. मला तुमचं ते मशीन कळत न्हाई. पण मोजता येतं."

त्यांनी पट्टी वहीवर ठेवली. "ह्ये गुरुवारचे नंबर. पयलं नाव कौसाबाई. ड्रायव्हरच्या यादीत ते न्हाई, बाकी सगळे बराबर. ह्ये आजचे. आजबी पयलंच नाव यादीत न्हाई. कळमनुरीकडचा एक माणूस हाय, तोबी येईल वरडत. म्या सकाळी ड्रायव्हरला सांगितलं, तो म्हणाला मॅडमची यादी हाय, म्या बदलणार न्हाई."

"म्हणजे?"

"आता गावं बघा. वसमतचं कोणतं गेलं? पयलं. सेनगावचं? पयलं. औंढ्याचं, कळमनुरीचं, हिंगोलीचं? पयलं, पयलं, पयलं. बेटा, मला चुकायचंच असतं तर कधी मधलं चुकलं असतं, कधी शेवटचं. ह्ये रोज पयल्यालाच कोण खाऊन राहिलं?"

बेटा म्हणाले हो मला. एवढं सगळं झाल्यावर.

मी कोड उघडला. आणि पहिल्या दहा ओळींत दिसलं.

आता तुम्हाला समजेल असं सांगते. जावामध्ये डेटाबेसकडून यादी आली की ती सगळी एकदम हातात पडत नाही. 'पुढची ओळ आण' असं म्हणायचं, एक ओळ येते. पुन्हा म्हणायचं, पुढची येते. मागची गेली ती गेली. मी शहाणी! मी आधी तपासायचं ठरवलं की यादीत काही आहे का. त्यासाठी म्हटलं, 'पुढची ओळ आण.' आली. म्हणजे आहे, छान! मग गावं ड्रॉपडाउनमध्ये भरायला सुरुवात केली, तीही 'पुढची ओळ आण' म्हणूनच. म्हणजे सुरुवात दुसऱ्या ओळीपासून! दाराशी रांग लागली आहे का बघायला पहिल्या माणसाला आत घेतलं, आहे म्हणून खूश झाले, त्याला मागच्या दारानं काढून दिलं आणि नावं लिहायला दुसऱ्यापासून बसले.

आणि चाचांनी अकोळवाडी दुसऱ्यांदा टाकली तेव्हा ती का दिसली? कारण आता अकोळवाडी दोन झाल्या, आणि यादी अक्षरांच्या क्रमानं लागते म्हणून दोन्ही सगळ्यात वर. पहिली मी खाल्ली, दुसरी दिसली. मी टेबलावर हात आपटून जो पुरावा दाखवला, तो माझ्याच विरुद्ध होता!

वर आणखी कमाल सांगू? तो तुकडा मी एकदाच लिहिला आणि सगळीकडे वापरला. गावांच्या यादीला तोच, ड्रायव्हरच्या यादीलाही तोच. पुण्यात हेच शिकवतात, एकदा नीट लिहा आणि सगळीकडे वापरा. मी तेवढं 'नीट' विसरले.

"सापडलं?" जाधव साहेबांनी विचारलं. ते कधी मागं येऊन उभे राहिले कळलंच नाही.

मी ती ओळ पुसली. फॉर्म पुन्हा चालू केला. वसमत निवडलं. यादी उघडली.

अकोळवाडी.

आणि तिच्याखाली, अकोळवाडी.

कौसाबाई वाकून बघत होत्या. "ह्ये बघा! सोमवारी एकबी नव्हती, आता दोन झाल्या. ग्रामसेवक तरी दोन देणार का?"

सगळं ऑफिस हसलं. चाचा नाही हसले. ते त्या दोन ओळींकडं बघत होते. नोंदणी सुरू व्हायच्या आधी त्यांनी पट्टी ठेवून टाइप केलेली ती पहिली अकोळवाडी जागच्या जागी होती. सेनगाव उघडलं, आडोळ दोन. औंढा उघडलं, तिथंही दोन. पाचही तालुक्यांत चाचांचं काम पहिल्यापासून बिनचूक होतं आणि माझ्याच पडद्यावर ते आता दोन-दोनदा लिहून येत होतं.

मी उठून उभी राहिले. सगळ्यांसमोर ओरडले होते, तर सगळ्यांसमोरच बोलायला पाहिजे होतं. "चाचा, चूक माझी होती. पाचही वेळा. आणि मी जे बोलले..."

"राहू द्या," चाचा म्हणाले. "पैले बाईचा बॉयलर पाठवा. माफी काही कुजत न्हाई."

जाधव साहेबांनी तिथल्या तिथं फोन केला. एक बॉयलर अर्ध्या रस्त्यातून अकोळवाडीकडं वळवला. दुपारी तीनला धूर निघाला. ढिगाच्या तळची थोडी हळद गेली, बाकी वाचली, असं कौसाबाईंनी संध्याकाळी फोन करून सांगितलं. मला नाही, चाचांना!

शनिवारी चाचा आपल्या टेबलावर परत आले. मला वाटलं, संपलं. पण जाधव साहेबांनी मला बोलावलं. माझा तो लेखी कागद त्यांच्यासमोर होता.

"मॅडम, तुम्ही हमीदचाचांच्या विरुद्ध लेखी दिलं. आता चूक दुसऱ्याची निघाली. तेही लेखी पाहिजे. नियम सगळ्यांना एक."

"देते ना साहेब. लगेच कागदावर..."

"कागदावर कशाला? तुम्हीच केलाय ना तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म? त्यातच भरा. चाचांसमोर."

गेले. चाचांच्या शेजारी खुर्ची ओढली, तक्रारीचा फॉर्म उघडला. काय घडलं, ते लिहिलं. कधी घडलं, लिहिलं. आता शेवटचा चौकोन, 'चूक कोणाची?' त्याच्यावर टिचकी मारली. यादी खाली आली, डेटाबेसमधून, अगदी पूर्ण, एकही ओळ न खाता.

टायपिस्ट. ड्रायव्हर. बॉयलरवाला. गेटवरचा माणूस. शेतकरी स्वतः.

संपली.

मी खाली गेले, वर आले. प्रोग्रामर नाही! 'इतर'सुद्धा नाही! अहो, यादी मीच ठरवलेली. कोण कोण चुकू शकतं याचा महिनाभर आधी बसून मी विचार केला होता, आणि शेतकऱ्यापर्यंत सगळे मला सुचले होते. मी सोडून!

बाजूला चाचा चष्म्यावरून बघत होते. दाढीत काहीतरी हललं. मी खाली मान घालून म्हणाले, "चाचा, एक नाव यादीत टाकायचं राहिलंय. टाकता का?"

"कोणतं?"

"प्रोग्रामर."

चाचांनी कीबोर्ड पुढं ओढला, बोटं मोडली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"एकदा टाकू, मॅडम, का दोनदा?"

"दोनदाच टाका चाचा," मी म्हटलं. "एकदा टाकलेलं मला दिसत नाही."